कामाटीबाग ते संविधान सभा

महू आमच्या इंदूरहून तासाभराच्या आत येतं. त्यामुळे बाबासाहेबांच्या जन्मस्थानाची सहल इथल्या प्रत्येक शाळेची होते, तशी माझीही झाली. पांढरा घुमट, आतली शिल्पं, बाहेर फुटाणे खात उभी असलेली पोरं, एवढंच तेव्हाचं आठवतं. पुढे गेल्या वर्षी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मला 'भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार' हा विषय मिळाला. मी चार मिनिटं बोलले, टाळ्या पडल्या, दुसरं बक्षीसही मिळालं. जिन्यावर पहिल्या वर्षाच्या एका मुलाने गाठलं. त्याची शंका अगदी साधी होती. शिल्पकार म्हणजे त्यांनी नक्की काय केलं? घटना एकट्याने बसून लिहिली का? मला धड उत्तर देता आलं नाही. माझ्या भाषणात 'शिल्पकार' हा शब्द पाच वेळा होता आणि त्यामागे काहीच नव्हतं.

हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी एक किरकोळ गैरसमज काढून टाकते. संग्रहालयातल्या फोटोत दिसणारी घटनेची सुंदर हस्ताक्षरातली प्रत बाबासाहेबांच्या हातची नाही. ती प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली आणि तिची पानं नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवली. मी स्वतः बारावीपर्यंत वेगळंच समजत होते.

१४ एप्रिल १८९१ला महूच्या छावणीत भीमराव जन्मले. वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत होते. मुलगा लहान असतानाच कुटुंब महू सोडून कोकणात आणि मग साताऱ्याला गेलं. साताऱ्याच्या शाळेतलं वेगळं बसणं, शिपायाने वरून ओतल्याशिवाय न मिळणारं पाणी, हे आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेलं आहे. खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांना मसूर स्टेशनवर गाडीवान मिळेना, दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक जण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार, ही गोष्टही बहुतेकांना माहीत असेल. म्हणून मी थेट १९१७च्या बडोद्याला जाते. माझं वाचन तिथेच अडलं आणि या लेखाचं खरं कारणही तिथेच आहे.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले होते. कराराप्रमाणे परतल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करायची होती. १९१७मध्ये ते परदेशातली शिकवणी अंगावर घेऊन बडोद्याच्या स्टेशनावर उतरले आणि पहिला प्रश्न पडला तो राहायचं कुठे. हिंदूंच्या खानावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं. पारशांच्या एका पथिकाश्रमात, पारशी नाव लावून, त्यांनी दिवसाचं भाडं ठरवलं. वरच्या मजल्यावर अडगळीचं सामान, विजेचे दिवे नाहीत, एक कंदील आणि वटवाघळं. दिवसभर कचेरी, रात्री त्या अंधाऱ्या दालनात एकटं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर परिणाम भोग, असा त्यांचा सांगावा होता.

त्यांनी दोन मित्रांची दारं ठोठावली. पहिला हिंदू. त्याने आपली अडचण सांगितली, की तुम्ही घरात आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. तो म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. बाबासाहेबांनी नंतर लिहून ठेवलंय, की हे नवरा-बायको मूळचे ब्राह्मण. धर्म बदलला होता, पण बाईंचं सोवळं तसंच होतं. त्यांना ते उत्तर समजलं. मग कामाटीबागेत, म्हणजे आताच्या सयाजीबागेत, ते रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले. साधारण पाच तास. नऊच्या गाडीने मुंबईला गेले.

हे मी माझ्या आजीला वाचून दाखवलं. आजी वसईची, सामवेदी ख्रिस्ती. आपले पूर्वज ब्राह्मण होते हे ती आजही कौतुकाने सांगते आणि घरात कुणाचं लग्न ठरायचं असलं की समोरचे लोक आधी कोण होते हा प्रश्न आमच्याकडे हमखास निघतो. मिस्सेला सगळे एका बाकावर बसतात, तरी निघतो. आजी बराच वेळ गप्प बसली. मग तिने एवढंच विचारलं, की त्या रात्री ते जेवले कुठे. मला सांगता आलं नाही.

तर ज्याला पंचवीस-सव्वीसाव्या वर्षी एका शहरात तीन धर्मांनी जागा नाकारली, तो माणूस तीस वर्षांनी सगळ्या देशाचा कायदा करायला बसला. मधली तीस वर्षं मी इथे भरभर ओलांडते: लंडनच्या पदव्या, 'मूकनायक', १९२७चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. एक मात्र थांबून सांगायला हवं, कारण पुढे लागेल. १९३२मध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण मांडलं आणि २४ सप्टेंबरला बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या. एका माणसाचा जीव आणि आपल्या लोकांचा हक्क यांत निवड करायची वेळ त्यांच्यावर आली होती.

संविधान सभेत ते सहजासहजी पोचलेच नाहीत, हे मला या निमित्ताने कळलं. १९४६ला सभेचे सदस्य प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडून द्यायचे होते. मुंबईत काँग्रेसचं बहुमत, तिथून बाबासाहेबांना आशा नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या साथीदारांनी त्यांना बंगालमधून निवडून आणलं. म्हणजे महाराष्ट्राचा हा माणूस संविधान सभेत प्रथम गेला तो बंगालच्या मतांवर. आपण मराठी मंडळी हे फारसं सांगत नाही.

सभा ९ डिसेंबर १९४६ला भरली. मुस्लिम लीग बाहेर बसलेली. नेहरूंनी १३ तारखेला ध्येयांचा ठराव मांडला. बॅरिस्टर मु. रा. जयकरांनी दुरुस्ती सुचवली, की लीग आणि संस्थानं येईपर्यंत थांबावं, आणि त्यावरून सभागृह चिडलं. १७ तारखेला अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक आंबेडकरांचं नाव पुकारलं. यादीत त्यांच्या आधी वीसेक नावं होती, त्यांची तयारीही नव्हती. काँग्रेसचा हा जुना विरोधक जयकरांच्या बाजूने उभा राहिला, म्हणजे आता झोडपणारच अशी अपेक्षा असावी. त्यांनी उलट सांगितलं, की आज आपण गटांत वाटलेलो असलो, तरी हा देश एक होण्यापासून कुणी अडवू शकणार नाही. फक्त त्यासाठी बलवान बाजूने थोडं थांबायची, समजून घ्यायची तयारी दाखवावी. अधिकार आहे म्हणून वापरलाच पाहिजे असं नाही, हा त्यांचा मुद्दा. सभागृहाने ते ऐकून घेतलं, दाद दिली. माझ्या मते घटनेतली त्यांची पहिली कामगिरी मसुदा समितीच्या आधी, या अर्ध्या तासात झाली. ज्यांना ते नको होते त्यांना ते लागणार आहेत, हे त्या दिवशी दिसलं.

फाळणी ठरली आणि बंगालमधली जागा गेली. आता राजेंद्रप्रसादांनीच मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं, की जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर आंबेडकरांना निवडून पाठवा. वर्षभरापूर्वी ज्या मुंबईत दार बंद होतं, तिथूनच ते आले. ऑगस्टमध्ये कायदामंत्री झाले. २९ ऑगस्ट १९४७ला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली आणि दुसऱ्या दिवशी समितीने त्यांना अध्यक्ष केलं.

आता त्या ज्युनिअरचा प्रश्न. एकट्याने लिहिली का? नाही. धोरणं आधीच वेगवेगळ्या समित्यांनी आणि सभेने ठरवलेली होती. सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी ऑक्टोबर १९४७पर्यंत २४३ कलमांचा आणि १३ परिशिष्टांचा पहिला आराखडा केला. मसुदा समितीने तो कलम-कलम तपासून, बदलून, वाढवून फेब्रुवारी १९४८मध्ये ३१५ कलमांचा आणि ८ परिशिष्टांचा मसुदा दिला. शेवटी मंजूर झाली तेव्हा घटनेत ३९५ कलमं होती. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचं श्रेय खुद्द बाबासाहेबांनीच शेवटच्या भाषणात मोकळेपणाने दिलं.

पण यावरून त्यांचं काम कमी होतं असं कुणी काढेल तर तेही चूक. समितीतले टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहात काय हिशेब दिला तो बघा: सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानांच्या कारभारात अडकलेले, एक-दोन दिल्लीपासून लांब आणि प्रकृतीने खचलेले. उरलेला सगळा भार एकावर पडला. आणि तो एक जण मधुमेहाने, पायांच्या दुखण्याने, झोप न येण्याने बेजार होता. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर दोन महिन्यांनी, १५ एप्रिल १९४८ला, त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. त्याच त्यांच्या प्रकृतीकडे बघत होत्या.

मसुद्यावर ७६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. समिती १४१ दिवस बसली. सभेचे ११४ दिवस नुसत्या मसुद्यावरच्या चर्चेत गेले. प्रत्येक दुरुस्ती घ्यायची की नाही, घेतली तर कुठल्या शब्दांत आणि नाही तर का, हे सभागृहात उभं राहून सांगायचं काम आंबेडकरांचं. आपल्या वाङ्मय मंडळात दहा ओळींच्या निवेदनावर एकमत होत नाही, त्यावरून कल्पना करा. बाकी मग शिल्पकार या शब्दापेक्षा मला गवंडी हा शब्द जास्त पटतो. शिल्पकार आपल्या मनातलं कोरतो. गवंड्याला दुसऱ्याने आणलेल्या विटा, दुसऱ्याने ठरवलेली जागा, आणि तरीही भिंत ओळंब्यात हवी.

कारण मनातलं कोरायचं असतं तर ती घटना वेगळीच झाली असती. हे माझं अनुमान नाही, पुरावा छापलेला आहे. मार्च १९४७मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केलं. त्यात शेतजमीन सरकारच्या मालकीची करून गावकऱ्यांना जात-धर्म न बघता सामूहिक शेतीसाठी द्यायची होती. मूळ उद्योग सरकारी, विमा सरकारी. आणि हे सगळं घटनेतच लिहायचं, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते पुसता येणार नाही. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ परत हवे होते, जे पुण्यात गेले होते. यातलं बहुतेक सगळं समित्यांच्या टेबलावरच राहिलं.

आणि पुढचं मला खरंच जड गेलं. १५ नोव्हेंबर १९४८ला प्रा. के. टी. शहांनी देशाच्या वर्णनात 'समाजवादी' हा शब्द घालायची दुरुस्ती आणली, तेव्हा तिला विरोध करायला उभे राहिले आंबेडकरच. अर्थव्यवस्था कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असं ते म्हणाले. वीस महिन्यांपूर्वी नेमके हेच हात त्यांना बांधायचे होते! मी हे आमच्या सरांना दाखवलं. सर म्हणाले, वकील आणि अशील यांच्यातला फरक समजून घे. मला ते अर्धंच पटलं. मार्गदर्शक तत्त्वांबद्दल त्यांनी दिलेलं उत्तर मला जास्त उपयोगी वाटतं: या तत्त्वांसाठी कोर्टात जाता येणार नाही हे खरं, पण जो सत्तेवर येईल त्याला निवडणुकीत मतदारापुढे जाब द्यावा लागेल. जे कलमात मिळवता आलं नाही ते त्यांनी मतपेटीवर सोपवलं. त्यांना स्वतःला त्यावर किती भरवसा होता, ते पुढे येईलच.

गावाचंही तसंच. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना त्यांनी खेड्याची कडक शब्दांत खरडपट्टी काढली. संकुचितपणा आणि अज्ञान यांचं हे डबकं, त्याला देशाचा पाया कसं करायचं, असा त्यांचा सूर होता. गांधीवादी सदस्य दुखावले, दिवसचे दिवस त्यावर बोलत राहिले. मसूरच्या गाडीवानाची गोष्ट माहीत असलेल्या आपल्याला तो राग कुठून आला ते कळतं. पण के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली तेव्हा बाबासाहेबांनी वाद न घालता ती स्वीकारली. आजचं कलम ४० ते हेच.

आता २९ नोव्हेंबर १९४८. मला वाटतं या आयुष्यातला सगळ्यात विलक्षण दिवस हा, आणि त्यावर मी आजवर एकही भाषण ऐकलेलं नाही.

त्या दिवशी मसुद्यातलं अकरावं कलम चर्चेला आलं, जे आता सतरावं आहे. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, तिचं कोणत्याही रूपातलं आचरण निषिद्ध आहे आणि त्यावरून कुणाला काही सोसायला लावणं हा गुन्हा आहे, असा त्याचा आशय. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी होते, बंगालचे ख्रिस्ती प्राध्यापक. नझिरुद्दीन अहमद यांनी दुरुस्ती आणली. के. टी. शहांनी व्याख्येचा प्रश्न काढला: अस्पृश्यता म्हणजे नेमकं काय ते लिहा, नाहीतर विटाळात बसलेली बाईही यात येईल. मुनिस्वामी पिल्ले बोलले, दाक्षायणी वेलायुधन बोलल्या. शेवटी उत्तर देण्यासाठी आंबेडकरांना विचारलं गेलं. पाणी, गाडी, पथिकाश्रम, कामाटीबाग, महाड, सगळं ज्याच्या पाठीशी होतं तो माणूस आता बोलणार.

त्यांनी नझिरुद्दीन अहमदांची दुरुस्ती मान्य नसल्याचं सांगितलं. शहांना उत्तर द्यायचंय का असं विचारल्यावर नाही म्हटलं. संपलं. एका ओळीचं काम. कलम मंजूर झालं आणि सभागृहात महात्मा गांधींच्या नावाचा जयजयकार झाला.

नोंदीत हे वाचल्यावर मी पान मागे उलटून पाहिलं, काही सुटलं का म्हणून. सुटलं नव्हतं. ते गप्प का राहिले याचं कारण कुठे लिहिलेलं नाही आणि मी ते बनवणार नाही. दुसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, नोकऱ्यांमधल्या राखीव जागांच्या कलमावर मात्र ते सविस्तर बोलले. संधीची समानता हा नियम, मागास वर्गांसाठीची तरतूद हा अपवाद, आणि अपवादाने नियम गिळता कामा नये, असं तोलून मापून. ९ डिसेंबरला, हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचं जे कलम आहे, आजचं बत्तिसावं, त्याला त्यांनी सगळ्या घटनेचा प्राण मानलं. मला यात एक धागा दिसतो. अस्पृश्यता गेली असं जाहीर करण्यावर त्यांनी शब्द खर्चले नाहीत. ती गेली नाही तर माणसाने कुठे जायचं, यावर खर्चले.

आपल्या कॉलेजच्या दृष्टीने एक गोष्ट इथेच घालते. धर्मस्वातंत्र्याच्या कलमात धर्म पाळण्यासोबत त्याचा प्रचार करण्याचाही हक्क असावा की नाही, यावर ३ आणि ६ डिसेंबरला जोरदार वाद झाला. लोकनाथ मिश्रांनी कडाडून विरोध केला. तो शब्द वाचवायला जी भाषणं झाली ती प्रामुख्याने ख्रिस्ती नसलेल्यांची: पंडित लक्ष्मीकांत मैत्र, कन्हैयालाल मुन्शी, आणि कृष्णम्माचारी, ज्यांनी सांगितलं की मी चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो आणि मला कुणी बाटवायला आलं नाही. पुढे मे १९४९मध्ये मुखर्जींनी पुढाकार घेऊन धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून द्यायचं ठरवलं, आणि आपल्या समाजाने विधिमंडळातला वाटा स्वखुशीने सोडला. हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं, मलाही अभिमान आहे. अनुसूचित जातींसाठीच्या जागा मात्र राहिल्या, दहा वर्षांसाठी. (ही दहा वर्षं फक्त लोकसभा-विधानसभेच्या जागांची, नोकऱ्यांची नव्हेत. व्हॉट्सॲपवर याचा रोज गोंधळ असतो.) बाबासाहेबांना जास्त मुदत हवी होती, पण सभागृहाचा कल पाहून ते थांबले.

पण सोडून देणं ज्याला परवडतं तोच सोडतो, हेही मला आता दिसतं. आणि आपल्यातच असे होते ज्यांना परवडणार नव्हतं. १९५०मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी निघाली. हिंदूखेरीज दुसरा धर्म पाळणारा माणूस तिच्यात धरला जाणार नाही असं तिसऱ्याच परिच्छेदात लिहिलेलं होतं, काही शीख जातींचा अपवाद करून. आपल्या धर्मात जात नाही, हे त्यामागचं गृहीत. बडोद्यातल्या त्या ख्रिस्ती मित्राच्या दारात उभा राहिलेला माणूसच तेव्हा कायदामंत्री होता. या आदेशात त्यांचा वाटा किती होता त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण बाटून ख्रिस्ती झालेल्या महाराची जात पुसली जात नाही हे त्यांच्याइतकं जवळून त्या मंत्रिमंडळात कुणी पाहिलेलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर १९४९ला त्यांनी समारोप केला. आपण इथे फक्त अनुसूचित जातींचं हित जपायला आलो होतो, मसुदा समितीवर निवड झाली याचंच आश्चर्य वाटलं आणि अध्यक्ष केल्याचं त्याहून जास्त, असं सांगितलं. मग देशाला धोके सांगितले. राजकारणात भक्ती आली की हुकूमशाही दूर नसते, हा त्यांतला एक. २६ जानेवारीपासून मताला एक किंमत आणि माणसाला दुसरी, अशा विसंगतीत आपण शिरतो आहोत, हा दुसरा. दुसऱ्या दिवशी घटना स्वीकारली गेली.

आणि मतपेटीचं पुढे काय झालं? हिंदू कोड बिल रखडलं म्हणून सप्टेंबर १९५१मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांना हरवलं. १९५४ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते पडले. प्रत्येक प्रौढ माणसाला मत देणारी घटना ज्यांनी सभागृहातून पार नेली, त्यांना त्या मतांनी लोकसभेत एकदाही पाठवलं नाही. राज्यसभेत २ सप्टेंबर १९५३ला त्यांचा बांध फुटला. मला सांगितलं ते मी मनाविरुद्ध लिहीत गेलो, ही घटना जाळायला मी पहिला पुढे येईन, असं ते संतापून म्हणाले. दीड वर्षाने, कारण विचारल्यावर, खुलासा केला: देवासाठी देऊळ बांधलं आणि त्यात आधीच राक्षस येऊन बसला, तर देऊळ पाडण्यावाचून काय राहतं? जाळण्याचं वाक्य सोशल मीडियावर फिरतं. देवळाचं कुणी सोबत टाकत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो लोकांना दिला. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. मधले ५३ दिवस. १९५०चा तो आदेश तेव्हा लागू होता आणि त्याच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती. ती १९९०मध्ये मिळाली. ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाही. म्हणजे त्या ५३ दिवसांत, कागदोपत्री बघायला गेलं तर, भीमराव रामजी आंबेडकर अनुसूचित जातीचे नव्हते.